छापा, काटा आणि सम्राट हेड्रियन

१२ जानेवारी, रविवार

गावाबाहेर कोवलमच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत चालताना टाचेला काहीतरी टोचलं. शिंपला समजून फेकणार होतो. पण ऑडिटमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस फेकण्याआधी पाहतो. धातूची चकती. रुपयाएवढी, हिरवट-काळी, झिजलेली. एका बाजूला पंख असलेली आकृती. तिच्या एका हातात काठीसारखं काही, दुसऱ्या हातात तराजू. पायाखाली कोणीतरी आडवं पडलेलं. कडेने अक्षरं होती, त्यांतली तीनच लागतात : ए, ई, एल.

प्रमोदिनीला दाखवलं. ती चपलांतली वाळू झटकत होती. तिने चकती पाहिली, मग मला पाहिलं, आणि म्हणाली, ठेव खिशात, भजी गार होतायत. बायकोला इतिहासाचं वावडं आहे हे लग्नाआधी समजायला हवं होतं.

घरी येऊन नेटवर शोधलं. पंखवाली म्हणजे व्हिक्टोरिया, विजयाची देवी. तराजूवाली म्हणजे इक्विटास, चोख व्यवहाराची देवी. दोघी रोमन. दोघी काशाच्या नाण्यांवर सर्रास. माझ्या नाण्यावर दोघींची मिळून एक. म्हणजे दुर्मिळ.

आपली घाई तर होत नाही ना, असं स्वतःला विचारलं. होत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

एलियस हे सम्राट हेड्रियनच्या घराण्याचं नाव! ए, ई, एल. एलियस तसे आणखीही निघतात. त्यांत सर्वांत नामांकित हेड्रियन, म्हणून हेड्रियन.

चकतीच्या वरच्या टोकाला भोक आहे आणि तिथली कड तुटलेली. क्षणभर मनात शंका आली. ती दडपली नाही, तिचा पाठपुरावा केला. वाचलं की भारतात आलेल्या रोमन नाण्यांना लोक भोकं पाडून ती गळ्यात घालत. म्हणजे भोक हा आक्षेप नसून पुरावा आहे. शंकेला भिऊ नये, हे माझं मत पुन्हा खरं ठरलं.

कायद्याप्रमाणे असं धन सापडलं की कलेक्टरांना कळवावं लागतं. उद्याच पत्र. ऑफिसात लोकांकडे चहाच्या पावत्या मागतो. स्वतःला सूट देणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

पोंगल. सेतुमाधवराव गोड पोंगलाचा डबा घेऊन आले, बरोबर त्यांच्या पत्नी अलमेलू. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. बँकेतून रिटायर. तंजावरचे मराठी, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले ते आलेच. त्यांचं बोलणं ऐकलं की जुन्या बखरीवर कोणी सांबार सांडल्यासारखं वाटतं. मी अधूनमधून त्यांचं मराठी दुरुस्त करतो. ते दर वेळी थँक्स म्हणतात. माणूस मात्र लाखात एक. टँकरवाला, प्लंबर, लिफ्टवाला, सगळ्यांशी माझ्या वतीने तमिळमध्ये तेच भांडतात.

त्यांना नाणं दाखवलं. उजेडात धरून म्हणाले, अय्यो, हें डॉलर हो. कोणाचं की पडलं असेल, पाहा.

हसू आवरलं. उभं आयुष्य बँकेत गेलं आणि डॉलर ओळखता येत नाही! अमेरिकेचं वय काय, रोमचं काय! तारखांसकट समजावून सांगितलं. ते मान डोलावून म्हणाले, शेरि शेरि, तुम्ही शिकलेले. अलमेलूमामींना एकदम खोकला आला.

मागून ऊर्मीही म्हणाली, बाबा, डॉलरच आहे तो. नववीत आहे. शाळेत इतिहास कसा शिकवतात ते कळलं.

कलेक्टरांचं पत्र : आज सुट्टी.

१९ जानेवारी, रविवार

रोमन नाण्यांवरचं जाडजूड पुस्तक आलं. दिवसभर वाचन. केवढी भाषा आहे ही! फळांनी भरलेलं शिंग म्हणजे भरभराट. सुकाणू म्हणजे नशीब. सापाला खाऊ घालणारी बाई म्हणजे आरोग्य. हातात हात म्हणजे एकोपा. सोन्याचं नाणं पाहतो कोण? काशाचं मात्र भाजी घेताना प्रत्येकाच्या मुठीत यायचं. सम्राटाने पाठवलेला मेसेजच तो.

एक गंमत लक्षात आली. सैन्यात फूट पडली की एकोप्याची नाणी निघत. सैनिक फितूर व्हायला लागले की निष्ठेची. जे नाही तेच छापायचं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'वन फॅमिली' आहे आणि त्यावर पार्किंगशिवाय विषय नाही. ऑफिसच्या दारावर तत्परतेचा बोर्ड आहे. माणसं स्वतःविषयी जे जाहीर करतात तेच त्यांच्यात नसतं, आणि हे त्यांना दिसत कसं नाही, नवल आहे.

मी प्रामाणिक आहे. उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला लॅटिन.

२० जानेवारी, सोमवार

सात वाजता उठलो. रोमनांचा दिवस सूर्योदयाला सुरू होई, आणि इकडे सूर्योदय साडेसहाला. साडेपाच ही वेळ मुळातच अनैतिहासिक होती.

२६ जानेवारी, रविवार

भयंकर. प्रमोदिनीने समई आणि निरांजनाबरोबर नाणंही चिंचेच्या कोळात टाकलं. दोन हजार वर्षांचा गंज एका सकाळी गेला. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय की जुनं नाणं कधी घासू नये. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग देवघरासमोर कशाला ठेवलंस?

दुपारी भिंगातून पाहिलं. गंजाखालून पिवळा धातू निघाला आहे. आणि रोमन लोक काही काशाची नाणी पितळेचीच पाडत! पुस्तकं सरसकट काशाची म्हणतात एवढंच. शिवाय नवी अक्षरं उजळली : पी, आर, ओ. हे प्रोव्हिडेन्शियाचं लघुरूप. प्रोव्हिडेन्शिया म्हणजे दूरदृष्टी. सम्राटाने आपल्या दूरदृष्टीची जाहिरात केली आहे.

प्रमोदिनीला मोठ्या मनाने माफ केलं. ती म्हणाली, कशाबद्दल?

कलेक्टरांचं पत्र : कायदा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या धनाला लागू होतो. हे नाणं अमूल्य आहे. अमूल्य म्हणजे किंमत नसलेलं. प्रश्न गुंतागुंतीचा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लक्षात राहील.

ऊर्मी आणि तिची मैत्रीण टीव्हीवरून भांडत होत्या. नाणं उडवायचं ठरलं. मैत्रीण ओरडली, तलैया, पूवा? म्हणजे डोकं की फूल. तमिळमध्ये असंच म्हणतात म्हणे. मी म्हणालो, आपण छापा-काटा म्हणतो. आणि तिथेच थबकलो.

काटा! काटा म्हणजे तराजू! बाभळीचा काटा नाण्यावर कशाला येईल? आपल्या पूर्वजांनी रोमन नाणं पाहिलं. एका बाजूला सम्राटाचा छापा, दुसऱ्या बाजूला काटा हातात घेतलेली इक्विटास. दोन हजार वर्षं आपण दर नाणेफेकीला तिचं नाव घेतोय आणि कोणाला पत्ता नाही! तमिळांच्या हाती बहुतेक आशादेवीचं नाणं पडलं. तिच्या हातात फूल असतं. म्हणून त्यांचं पू. एकाच रोमकडून त्यांना आशा मिळाली आणि आपल्याला वजनकाटा. दोन्ही समाजांचे स्वभाव पाहता हेही जुळतं.

प्रमोदिनीला सांगितलं. ती म्हणाली, ऊर्मीला सांग, छापा आलाय, रिमोट मैत्रिणीला दे.

५ फेब्रुवारी, बुधवार

महाराष्ट्र मंडळाच्या विजयकुमारचा फोन. भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम रविवारी, दोन मार्चला. पुण्याचे वक्ते ऐन वेळी येत नाहीत. बोलाल का, म्हणाला.

सहा वर्षं या गावात आहे. मंडळाने मला आजवर फक्त हिशेब तपासायला बोलावलं. कार्यक्रमाला मी आलो की लोक वर्गणीची पावती शोधायला लागतात. आता साठ माणसांसमोर खुर्ची, शाल, पाण्याचा पेला. लोकांनी मला पावत्यांवाचून ओळखावं, एवढीच इच्छा आहे. ती या एका तासावर अवलंबून आहे. हे इथे लिहितो, कारण हे वाचायला दुसरं कोणी नाही.

विषय सांगितला. विजयकुमार म्हणाला, तेच ना, कोवलमला सापडलेलं? ते घेऊन येणार? नक्की? कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा अभ्यास. डोक्यावरून पदर घेतलेली स्त्री, मांडीवर मूल, डोक्याभोवती किरण. रोमन राण्या अशाच दाखवत. मूल हे सुफलतेचं प्रतीक. किरणांचा मुकुट म्हणजे दुपॉन्डियस नावाचं पितळी नाणं. पिवळ्या धातूशी जुळलं.

अडचण एकच. हेड्रियनची राणी साबिना, आणि तिला मूलबाळ नव्हतं. तासभर अस्वस्थ होतो. मग आठवलं : रोमन लोक जे नाही तेच छापत. मूल नव्हतं म्हणूनच नाण्यावर आहे. मूल असतं तर मलाच शंका आली असती.

१६ फेब्रुवारी, रविवार

एग्मोरच्या सरकारी म्युझियममध्ये गेलो. काचेआडची नाणी पाहिली. माझ्या नाण्यावरचं काम त्यांच्यापेक्षा कितीतरी रेखीव. सरकारला चांगला नमुना मिळालेला नाही, इतकंच म्हणेन.

पुस्तकात एक त्रासदायक वाक्य सापडलं. रोमन मुलं नाणं उडवताना 'डोकी की जहाजं' म्हणत. जहाज. काटा नाही, फूलही नाही. यावर पुष्कळ विचार केला. मुलांच्या बोलण्याला पुरावा मानता येत नाही. वगळलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाषण तयार. प्रमोदिनीला वाचून दाखवलं. लोकांच्या अज्ञानाचं उदाहरण म्हणून 'एका वयस्क तंजावरी शेजाऱ्यांनी तर याला चक्क डॉलर म्हटलं' असं घातलं आहे. इथे हशा येईल. सेतुमाधवरावांचं नाव घेतलेलं नाही. नाव न घेतल्यावर मन दुखवण्याचा प्रश्न येत नाही, हे तपासून घेतलं.

प्रमोदिनी म्हणाली, ते डॉलरचं काढ. कारण विचारलं. म्हणाली, असंच. असंच हे कारण नव्हे, म्हणालो. ती उठून अलमेलूमामींकडे गेली ती जेवायच्या वेळेला परत आली.

१ मार्च, शनिवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

नाणं सापडलं त्या जागेचा फोटो हवा होता म्हणून ऊर्मीला घेऊन सकाळी कोवलमला गेलो. बसमध्ये आमच्याकडे तोंड असलेल्या सीटवर एक दणकट माणूस होता. शर्टाची वरची दोन बटणं उघडी. गळ्यात काळ्या दोऱ्यात माझं नाणं.

माझं म्हणजे, तसंच. पंख, तराजू, पायाखाली माणूस. दुसरा नमुना! म्हणजे कोवलमच्या वाळूत एक नाणं नव्हे, हंडाच्या हंडा पुरलेला आहे. ऊर्मीला म्हणालो, विचार त्यांना, कुठे सापडलं. ती म्हणाली, बाबा, प्लीज. म्हटलं, विचार, आणि कोणत्या थरात तेही विचार.

तिने विचारलं. तो माणूस मोठ्याने हसला आणि बरंच काही बोलला. ऊर्मीने खिडकीबाहेर बघत भाषांतर केलं. ते म्हणतायत, त्यांच्या आईने लहानपणी घातलं. चर्चच्या बाहेर मिळतात. सरांना डॉलर हवा असेल तर बारक्या साइजमध्येपण आहे.

मी म्हणालो, तोही डॉलरच म्हणतो? तेव्हा ऊर्मीने माझ्याकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की बाबा, इथे गळ्यातल्या पदकाला डॉलरच म्हणतात. साखळी आणि डॉलर. सगळे म्हणतात. मी तुम्हाला पोंगललाच सांगितलं होतं.

कोवलमच्या चर्चबाहेरच्या दुकानात डॉलर पुठ्ठ्यावर ओळीने टांगलेले. तीन साइज. देवदूत मायकेल, सैतानाला तुडवताना. मागे मांडीवर बाळ येशू घेतलेली मेरी. नव्यावर अक्षरं स्पष्ट आहेत. ए, ई, एल हा मायकेलचा शेवट. पी, आर, ओ म्हणजे लॅटिनमधलं 'साठी'. आमच्यासाठी प्रार्थना कर. पंख, काटा, मुकुट, सगळं जिथल्या तिथे. प्लास्टिकमध्येही आहे.

ऊर्मी बसमध्ये एकदाही हसली नाही. त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी, चहानंतर

आता जरा स्पष्ट दिसतंय. देवदूताच्या हातात तराजू आला कुठून? पंख कुठून आले? जुन्या देवींकडूनच आले असणार. म्हणजे सिद्धांत तत्त्वतः शाबूत आहे. फक्त नाणं नाही.

उद्या भाषणाच्या सुरुवातीलाच सत्य सांगणार. खरा अभ्यासक असाच वागतो. कदाचित त्यालाच जास्त टाळ्या पडतील.

कलेक्टरांना पत्र लिहिलं नाही, ही दूरदृष्टी.

२ मार्च, रविवार, सकाळी

सुरुवातीला सांगितलं तर पुढचा तास काय बोलणार? शेवटी सांगावं.

संध्याकाळी

झालं. क्रमाने लिहितो.

विजयकुमारने ओळख करून देताना मला नाणेतज्ज्ञ म्हटलं. तिथेच सांगणार होतो, पण यजमानाचं बोलणं खोडणं बरं नव्हे. पहिल्या रांगेत सेतुमाधवराव, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी अलमेलूमामी. हॉल गच्च भरलेला. इतकी शांतता मी मंडळात कधी पाहिली नाही. पोरंसुद्धा तोंडावर हात ठेवून बसली होती.

हेड्रियनवर बोललो. काटा आणि पू यांवर बोललो. डॉलरचं वाक्य समोर आलं. वर पाहिलं तर सेतुमाधवराव मान डोलावत होते. वाक्य वेळेअभावी वगळलं. नाणं कोणाच्या हाती दिलं नाही; माणसाच्या घामाने धातू खराब होतो, असं सांगितलं. कोणीही हट्ट धरला नाही.

शेवट आला. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात विजयकुमार म्हणाला, प्रश्न? सेतुमाधवराव उठले. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, त्या राज्यांत हिशेब तपासायला कोणी अधिकारी होते कां हो?

होते! त्यावर मी पंधरा मिनिटं बोललो. आयुष्यात इतकं चांगलं बोललेलो नाही. मग टाळ्या. थांबेचनात. त्या थांबेपर्यंत लोक इडल्यांकडे गेले होते.

सत्य सांगायचं राहिलं. पण सेतुमाधवरावांना सिद्धांत पटलेला दिसतो. या वयात त्यांचा हिरमोड करणं क्रूरपणा होईल.

५ मार्च, बुधवार

ऑफिसात एका क्लार्कने पावती नसलेलं बिल आणलं. नेहमीप्रमाणे परत करणार होतो. हात उचलेना. पास केलं. दिवसभर बरं वाटलं नाही.

सेतुमाधवरावांना तरी सांगायलाच हवं. रविवारी नक्की.

९ मार्च, रविवार

सकाळी ऊर्मी आणि प्रमोदिनी कोवलमच्या चर्चमध्ये पदक देऊन आल्या. ज्याचं असेल त्याला मिळेल किंवा नाही. मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

अलमेलूमामींनी कॉफी दिली. मी म्हणालो, सेतुमाधवराव, त्या नाण्याबद्दल एक बोलायचं आहे, तुम्हाला वाईट वाटेल. पाठ करून गेलो होतो. सगळं सांगितलं. चर्च, पुठ्ठा, प्लास्टिक. भाषणातल्या त्या वाक्याचंही सांगितलं, जे बोललो नाही. माफ करा म्हणालो. खरंच म्हणालो.

त्यांनी कॉफी डबऱ्यातून, म्हणजे इकडच्या पसरट वाटीतून, पेल्यात ओतली, पुन्हा डबऱ्यात ओतली. मग म्हणाले, तें आम्हांला ठाऊक होतें की, हेरंबराव. सगळ्यांना ठाऊक होतें.

सगळ्यांना म्हणजे?

हॉलांत साठ माणूस, म्हणाले. सगळी इथलीच, नाहीतर इथे मुरलेली. कोणी एक जण 'डॉलर' म्हणाला असतां तर तुमचं मुख कसं झालं असतं? तुम्ही एवढं कष्ट घेतलेलां. म्हणून आठवडाभर आधी एकेकाला फोन केलों. नंबर विजयकुमार दिले. आर्धे फोन तुमच्या बाई केल्या. तो शब्द कोणी काढूं नये, हसूं नये, नाणं हातांत मागूं नये. मोठी माणसं लगेच कबूल. पोरांना मात्र आइस्क्रीम सांगायला लागलं.

मी विचारलं, आणि तुमचा तो प्रश्न?

अलमेलूमामी आतून म्हणाल्या, तो मी लिहून दिलें. तुम्हांला नक्की उत्तर येईल असं एक तरी हवं होतं की.

टाळ्यांबद्दल विचारलं नाही. सेतुमाधवरावांनीच सांगितलं की टाळ्या खऱ्या होत्या. सगळ्यांना फार हायसं वाटलं होतं म्हणे.

घरी आलो. प्रमोदिनी कपडे वाळत घालत होती. तुला केव्हापासून माहीत होतं, विचारलं. म्हणाली, वाळूत दाखवलंस तेव्हाच. मग तेव्हा बोलली का नाहीस? चिमटे तोंडात धरून ती म्हणाली, तू विचारलंस कुठे? तू सांगत होतास.

शेरा : निरंक.